मानके, शिक्के आणि प्रमाणपत्रे : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काजू प्रक्रिया करणारे, आंबा बागायतदार, बचत गटांतल्या महिला, घर बांधायला काढलेले लोक, आयटीआयची मुले आणि त्यांचे पालक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागत असेल, तर तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मानक, मानकीकरण आणि प्रमाणपत्र हे सगळे एकच आहे का?

नाही. एखादी वस्तू, पद्धत किंवा पात्रता कशी असावी याविषयी संबंधितांनी एकत्र बसून ठरवलेले आणि लिहून ठेवलेले मोजमाप म्हणजे मानक. ते ठरवण्याची आणि अमलात आणण्याची क्रिया म्हणजे मानकीकरण. आणि समोरची वस्तू त्या मोजमापात बसते असे तिसऱ्या कोणीतरी तपासून सांगितले, की ते झाले प्रमाणपत्र. चिपळूणला घेतलेल्या मिक्सरचा तीन पिनांचा प्लग मालवणच्या घरातल्या सॉकेटमध्ये बसतो, कारण प्लग-सॉकेटसाठी आयएस १२९३ हे भारतीय मानक आहे आणि त्यात ६ अँपिअर व १६ अँपिअरच्या पिना वेगवेगळ्या ठरवून दिल्या आहेत. प्लग बनवणारा आणि सॉकेट बनवणारा यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. मराठीत ‘प्रमाणीकरण’ हा शब्द मानक ठरवणे आणि प्रमाणपत्र देणे अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो व त्यातून बराच गोंधळ होतो, म्हणून पुढील उत्तरांत तो टाळला आहे.

२. आमच्या घरी तीन पिढ्या आगळ होते आहे. कोणी काही लिहून ठेवलेले नाही आणि कधी बिघडलेलेही नाही. मग मानक कशाला?

घरच्या सोलकढीपुरते काहीही लागत नाही, आणि आजीच्या मुठीला नावे ठेवण्याचे तर मुळीच कारण नाही. तिची मूठ हेही एक मापच आहे. अडचण इतकीच, की ते माप तिच्याबरोबर असते. तेच आगळ गटातल्या आठ जणी आपापल्या घरी करू लागल्या, बाटल्यांवर एकच लेबल लागले आणि खोका रात्रीच्या एसटीने दादरला गेला, की तिथल्या गिऱ्हाइकाला आजी माहीत नसते. त्याच्या हातात एका महिन्यात खारट आणि पुढच्या महिन्यात पांचट आगळ पडले, तर तो तिसऱ्यांदा मागवत नाही.

येथे एक नेहमीची चूक सांगतो. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा घट्ट रस आणि अमृत कोकम म्हणजे साखरेतले सिरप, हे आपल्याला सांगावे लागत नाही. परंतु दोन्ही बाटल्यांवर नुसते ‘कोकम’ असे छापून पाठवणारे गट मी पाहिले आहेत. आगळात पाणी घालून पाहुण्याला सरबत म्हणून दिल्यानंतर मुंबईहून येणारा फोन कसा असतो, हे त्या गटांनाच विचारावे. नाव ठरवणे ही मानकीकरणाची पहिली पायरी आहे. फळ आणि मीठ मुठीने न घेता काट्यावर घेणे, प्रत्येक घाण्याची तारीख वहीत लिहिणे आणि प्रत्येक घाण्यातली एक बाटली बाजूला ठेवणे, एवढ्यावर पुष्कळ काम होते.

३. आयएसआय, ॲगमार्क, एफएसएसएआय, हॉलमार्क यांपैकी नेमके काय कशासाठी?

आयएसआय हा शिक्का भारतीय मानक ब्यूरोचा. मूळ भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली, पुढे १९८६ च्या कायद्याने तिचा ब्यूरो झाला आणि सध्या २०१६ चा कायदा लागू आहे. संस्थेचे नाव बदलले तरी शिक्क्यावरची जुनी अक्षरे राहिली. शिक्क्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, आणि खालचा क्रमांक नसेल तर त्या शिक्क्याला अर्थ नाही. हॉलमार्कही ब्यूरोचाच. दागिन्यावर ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरटसाठी ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक अशा तीन खुणा असाव्या लागतात. तो क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर टाकून दुकानातच ताडून पाहता येतो.

ॲगमार्क शेतमालाच्या प्रतवारीसाठी, १९३७ च्या कायद्याखाली दिला जातो. एफएसएसएआयचा, म्हणजे भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, चौदा अंकी क्रमांक मात्र या पंक्तीत बसत नाही. तो २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी किंवा परवाना आहे. अन्नपदार्थ करणारा कोण आणि कुठला याचा माग त्यावरून लागतो. पदार्थ चविष्ट आहे अशी ग्वाही त्यातून मिळत नाही.

४. हे सगळे सक्तीचे आहे का?

मानक मुळात ऐच्छिक असते. सरकारने कायद्याने किंवा गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून त्यावर बोट ठेवले, की ते सक्तीचे होते. दुचाकीचे हेल्मेट आणि सिमेंट ही सक्तीची उदाहरणे. ॲगमार्क बहुतांशी ऐच्छिक आहे. विक्रीसाठी अन्नपदार्थ करणाऱ्याला एफएसएसएआयची नोंदणी मात्र घरगुती धंद्यातही टाळता येत नाही.

५. सावंतवाडीची लाकडी खेळणी विकतो. खेळण्यांना आयएसआय सक्तीचे झाले म्हणतात. मग आम्ही दुकान बंद करायचे का?

नाही. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना हा शिक्का १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचा झाला हे खरे आहे. परंतु केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना, तसेच भौगोलिक मानांकन (प्रश्न ८) मिळालेल्या वस्तूंच्या नोंदणीकृत मालकांना व अधिकृत वापरकर्त्यांना त्या आदेशातून वगळलेले आहे. सवलत नोंद असलेल्या कारागिराला आहे, चितार आळीत दुकान असलेल्या प्रत्येकाला नाही. बाहेरून आणलेली प्लॅस्टिकची खेळणी त्याच फळीवर मांडली, तर त्यांना शिक्का लागतोच. कारागिराचे ओळखपत्र काढलेले नसेल, तर ते आधी काढावे. आणि सवलत असली तरी लहान मुले खेळणे तोंडात घालतात हे रंग निवडताना विसरू नये.

६. शिक्का आहे म्हणजे माल उत्तम, असे समजावे का?

माल ठरलेल्या किमान पातळीच्या खाली नाही, एवढेच समजावे. हापूसचा गोडवा किंवा हाताने लाटलेल्या फणसपोळीचा पोत कोणत्याही मानकात सापडणार नाही आणि सापडूही नये.

७. काजूगराच्या पाकिटावर ‘डब्ल्यू-२४०’, ‘डब्ल्यू-३२०’ असते. मोठा आकडा म्हणजे चांगला काजू का?

उलट आहे, आणि हा प्रश्न काजूच्या गावातल्या लोकांनीही विचारला आहे. ‘डब्ल्यू’ म्हणजे पांढरा अखंड गर, आणि आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात ती संख्या. डब्ल्यू-१८० मध्ये पौंडाला १७० ते १८० गर, डब्ल्यू-२४० मध्ये २२० ते २४०, डब्ल्यू-३२० मध्ये ३०० ते ३२० आणि डब्ल्यू-४५० मध्ये ४०० ते ४५०. आकडा जितका मोठा तितका गर लहान. आंब्याच्या पेटीत हेच आपण रोज करतो: पेटी तेवढीच, पण चार डझनी म्हटले की मोठे फळ आणि सात डझनी म्हटले की बारीक. काजूत डझनाऐवजी पौंड आला एवढाच फरक.

आपला देश पौंड सोडून किलोवर येऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी काजूच्या व्यापारात पौंड टिकला, कारण हा माल साता समुद्रापार जातो आणि तिकडच्या व्यापाऱ्याला हेच आकडे ओळखीचे आहेत. ३०० ते ३२० हा पल्ला किलोवर मांडला, तर सुमारे ६६० ते ७०६ गर होतात. किलोच्या पाकिटातले गर मोजून पाहणाऱ्याला हा हिशेब उपयोगी पडेल.

गर निवडणाऱ्या बाईंशेजारी अर्धा तास बसले, तर मानक म्हणजे काय हे पुस्तकापेक्षा लवकर कळते. त्या काही मोजत नाहीत. ताटातल्या ढिगावर हात फिरतो आणि मोठा, मधला, लहान, करपलेला, पाकळी झालेला, तुकडा असे वाटे आपोआप पडत जातात. मालक अधूनमधून एका वाट्यातले ४५४ ग्रॅम काट्यावर घेऊन गर मोजतो आणि आकडा वहीत लिहितो. त्या हाताला मिळणारी मजुरी मात्र प्रतवारीच्या कोणत्याही तक्त्यात नाही, ही माझी या तक्त्यांविषयीची जुनी तक्रार आहे.

आकार जुळला म्हणून गर मानकात बसला असे होत नाही. ओलावा साधारण ५ टक्क्यांच्या आत लागतो. पावसाळ्यात ड्रायरमधून काढलेला गर तासभर उघडा राहिला, तरी आपल्याकडची हवा ते गणित बिघडवते.

८. हापूसला मिळालेले जीआय म्हणजे हापूसचे मानकच ना?

नाही. भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय, हे नाव वापरण्याच्या हक्काविषयी आहे. हापूसला ते २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी मिळाले. माल कुठला, हे त्यातून कळते. माल कसा, हे प्रतवारी सांगते. आंब्याच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात २०० ते ३५० ग्रॅम, ३५१ ते ५५० ग्रॅम आणि ५५१ ते ८०० ग्रॅम असे वजनाचे गट आहेत, आणि त्या मानकाला आंबा देवगडचा की आणखी कुठला याच्याशी कर्तव्य नाही.

यातूनच निघणारा अवघड प्रश्न असा, की दापोलीहून नेलेले हापूसचे कलम घाटावर लावले तर त्या फळाला काय म्हणायचे? जात हापूसचीच राहील, परंतु मानांकित नावाने ते फळ विकता येणार नाही. त्याचप्रमाणे या पाच जिल्ह्यांत बाग असूनही ज्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केलेली नाही, त्याने पेटीवर जीआयचे बोधचिन्ह छापू नये. हेच वेंगुर्ला काजूला आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमालाही लागू आहे.

९. आमचा आंबा एक नंबर असतो, तरी परदेशात नाकारतात कसा?

कारण तिथे चवीआधी कीड तपासतात. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतातून येणाऱ्या आंब्यावर बंदी घातली होती. आधीच्या मालात फळमाशी सापडली हे त्याचे कारण होते. ती बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. मधल्या काळात ज्यांच्या बागेत एकही अळी नव्हती, तेही भरडले गेले. अमेरिकेने २००७ पासून आपला आंबा घेतला तो किरणोत्सर्जन प्रक्रियेच्या अटीवर, जपानला बाष्पप्रक्रिया लागते आणि इतर काही ठिकाणी गरम पाण्याची प्रक्रिया चालते. एकाच फळाला देशागणिक वेगळे मानक लागू होते, त्यामुळे माल कुठे पाठवायचा हे काढणीच्या आधी ठरलेले असावे. बागेची नोंदणी आणि फवारणीची वही या गोष्टी मार्चमध्ये धावपळ करून उभ्या राहत नाहीत.

१०. चिऱ्यालाही मानक असते का? घर बांधतो आहे.

असते. जांभ्या दगडाच्या बांधकामी चिऱ्यांसाठी आयएस ३६२० हे १९७९ चे भारतीय मानक आहे. त्यात मापे, पाणी शोषण्याचे प्रमाण आणि दाब सोसण्याची ताकद यांचा विचार आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे चिरा इंचांत मागितला जातो आणि खाणीगणिक अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे असतोच. मी स्वतः घर बांधताना निम्मे चिरे एका खाणीचे आणि पावसाच्या भीतीने घाईत आणलेले उरलेले निम्मे दुसऱ्या खाणीचे घेतले. तिसऱ्या थराला गवंड्याने दोरी लावली आणि काही न बोलता बाजूला जाऊन बसला. दोन चिऱ्यांच्या उंचीत बोटभर फरक होता. कुठे चिरा तासावा लागला, कुठे सांध्यात सिमेंट भरावे लागले, आणि त्या भिंतीचा खर्च मी आजही सांगत नाही. त्यामुळे सगळा चिरा एकाच खाणीचा घ्यावा, आणि पहिल्या गाडीतले दहा-बारा चिरे टेप लावून मोजल्याशिवाय दुसरी गाडी मागवू नये.

११. शेर-पायली गेली, पण मासळी अजून वाट्यावर आणि नारळ शेकड्यावर विकतात. हे चालते का?

मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ चा. वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने बदलली. तरीही बियाण्याच्या भाताचे माप पायलीत सांगणारी माणसे गावात आहेत आणि घरगुती बोलण्याला कायद्याची आडकाठी नाही. विक्रीत मात्र जो काटा वापरता तो वैधमापन विभागाकडून पडताळून घेतलेला असला पाहिजे, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करावी लागते. नारळ नगावर विकणे रीतसर आहे. मासळीच्या वाट्यात आकडा नसतो. तेथे गिऱ्हाईक डोळ्यांनी मोजते आणि मोजून झाल्यावर आणखी दोन बांगडे वर मागते. समोरासमोरच्या व्यवहारात हे निभते. तोच बांगडा साफ करून पाकिटात बंद केला, की निव्वळ वजन, कमाल किंमत, पॅकिंगची तारीख आणि करणाऱ्याचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक होते, कारण आता गिऱ्हाइकाला आत पाहता येत नाही.

१२. घरी आम्ही मालवणी बोलतो. शाळेत मुलाचे ‘माका’ आणि ‘खंय’ चूक धरतात. प्रमाण मराठीची ही सक्ती योग्य आहे का?

प्रमाणभाषा ही लेखनातल्या देवाणघेवाणीसाठी झालेली तडजोड आहे. सध्याचे लेखननियम मराठी साहित्य महामंडळाचे असून त्यांतले चौदा १९६२ मध्ये आणि चार १९७२ मध्ये शासनाने स्वीकारले. ते मराठी कशी लिहावी हे सांगतात. मुलाने घरी कसे बोलावे, यावर त्यांत एक अक्षरही नाही. दहावीच्या उत्तरपत्रिकेत ‘मला’ आणि ‘कुठे’ लिहिणे गरजेचे आहे, कारण तपासणारे शिक्षक मालवणी जाणणारे असतीलच असे नाही. पहिलीतल्या मुलाने पावसाविषयी ‘माका’ने सुरू होणारे वाक्य सांगितले, तर ते आधी ऐकून घ्यावे आणि मग पुस्तकात तेच कसे लिहितात हे दाखवावे. ‘चूक’ हा शब्द तेथे वापरण्याचे कारण नाही. मानक जिथे लागत नाही तिथे ते लावल्याने होणारे नुकसान सर्वांत जास्त वर्गातच होते, असे माझे मत आहे; गप्प बसलेले मूल कोणत्याही निकालपत्रात दिसत नाही.

१३. सीईटीला मुलीला मैत्रिणीपेक्षा जास्त गुण पडले, पण पर्सेंटाइल कमी आले. हा अन्याय नाही का?

बहुतेक वेळा नाही. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. त्यामुळे मूळ गुण थेट न जुळवता, त्या सत्रात बसलेल्यांपैकी किती टक्के विद्यार्थ्यांचे गुण आपल्याइतके किंवा कमी आहेत ते काढतात, तोच पर्सेंटाइल. सोप्या सत्रातले १२० गुण अवघड सत्रातल्या ११० गुणांहून खाली येऊ शकतात. यात एक गृहीतक आहे, की प्रत्येक सत्रातल्या मुलांची तयारी सरासरीने सारखी असते. सत्रात विद्यार्थी जितके कमी, तितके ते गृहीतक कच्चे. दोघी एकाच सत्रात असतील तर मात्र असे होऊ शकत नाही, आणि त्या वेळी तक्रार जरूर करावी.

१४. वीस वर्षे बोटीच्या इंजिनाचे काम करतो, पण कागद नाही. प्रमाणपत्र मिळेल का?

राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा २०१३ मध्ये आला आणि त्यात आधी मिळवलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन ते मान्य करण्याची सोय आहे. शिक्षण कुठे झाले हे न विचारता काम करून दाखवायला सांगतात. सगळ्या कामांसाठी अशी चाचणी सगळीकडे होत नसल्याने जवळच्या आयटीआयमध्ये आधी चौकशी करावी.

व्यापारी जहाजावर जाणाऱ्यांना ही वाट नाही. तेथे खलाशांच्या प्रशिक्षणाविषयीचा १९७८ चा आंतरराष्ट्रीय एसटीसीडब्ल्यू करार लागू आहे. मनिला येथे २०१० मध्ये त्यात मोठ्या सुधारणा झाल्या. जीव वाचवणे, आग विझवणे, प्रथमोपचार यांचे मूलभूत प्रशिक्षण घेतल्याशिवाय कोणालाही बोटीवर घेत नाहीत, मग तो जन्मापासून होडीत वाढलेला का असेना. बुडत्या जहाजावर पाच देशांची माणसे असतात आणि प्रत्येकाला एकच कवायत यावी लागते, म्हणून येथे मी सवलतीच्या बाजूने बोलणार नाही. संस्था नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेली आहे ना, आणि नोकरी देणाऱ्या एजंटाकडे भरतीचा परवाना आहे ना, हे पैसे भरण्याआधी पाहावे. जमीन गहाण टाकून खोटा कागद घेतलेली मुले आपल्या किनाऱ्यावर कमी नाहीत.

१५. जुना मराठी मजकूर संगणकावर उघडला की नुसती चित्रविचित्र अक्षरे दिसतात. का?

तो मजकूर युनिकोडच्या आधीच्या एखाद्या फाँटमध्ये टंकलेला असतो. त्या काळी प्रत्येक फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी आपल्या मर्जीने मराठी अक्षरे बसवत असे, त्यामुळे तो फाँट नसेल तर मजकूरही नाही. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. तोही एका दिवसात पूर्ण झाला नाही. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. गटाच्या, देवस्थानाच्या किंवा शाळेच्या जुन्या फायली असतील, तर फाँट परिवर्तक वापरून त्या बदलून घ्याव्यात आणि नंतर एकदा डोळ्यांखालून घालाव्यात, कारण ‘ऱ्य’सारखी जोडाक्षरे त्यात हमखास मोडतात.

१६. मानक बदलले की जुनी वस्तू बाद होते का? आईचे दागिने हॉलमार्कचे नाहीत.

सक्ती विकणाऱ्या सराफावर असते. घरातले जुने दागिने बाळगता येतात, सराफाला विकता येतात किंवा मोडून नवे करता येतात; नवे मात्र हॉलमार्कसहच मिळतील. मोडीच्या वेळी शुद्धतेवर वाद नको असेल, तर मान्यताप्राप्त तपासणी केंद्रातून आधी तपासून घ्यावे. शिक्षणातही असेच आहे: अभ्यासक्रम बदलला म्हणून जुने प्रमाणपत्र रद्द होत नाही. जहाजावरचे प्रशिक्षण (प्रश्न १४) हा ठळक अपवाद, कारण त्याची उजळणी दर पाच वर्षांनी करावी लागते.

१७. मानकच आमच्या कामाला जुळत नसेल तर?

लिहावे. भारतीय मानकांचे मसुदे अंतिम होण्याआधी हरकतींसाठी ब्यूरोच्या संकेतस्थळावर खुले असतात, आणि प्रसिद्ध झालेली भारतीय मानके तेथेच विनामूल्य वाचता येतात. हरकत घेताना ‘हे आम्हाला परवडत नाही’ एवढेच लिहून भागत नाही. मसुद्यातले कोणते कलम, त्यात कोणता आकडा, त्याऐवजी कोणता आकडा हवा आणि आपल्या वहीतल्या कोणत्या नोंदी त्याला आधार देतात, हे द्यावे लागते. वही नसेल, तर प्रश्न २ पाहावा.